अकरा भांड्यांचे देणे

मिरजेच्या बयाबाई, बयाबाईंची लेक दुर्गाबाई आणि दुर्गाबाईंची लेक इंदिराबाई, या तिघींनी शेजारणीचे भांडे आयुष्यात कधी रिकामे परत केले नाही. आमटीची वाटी आली तर जाताना तिच्यात लाडू जाई, लाडू नसला तर मूठभर दाणे, दाणेही नसले तर साखरेची चिमूट. बयाबाईंच्या घरी चूल एक वेळच पेटत असे, तरी वाटी भरून गेली. दुर्गाबाईंनी नवऱ्याच्या तेराव्यानंतर गल्लीतली सतरा भांडी गूळ घालून परत पाठवली. इंदिराबाईंनी तर मुलगी अमेरिकेला निघाली तेव्हा विमानतळावर रडण्याऐवजी हाच नियम तिला पुन्हा एकदा बजावून सांगितला. त्या इंदिराबाईंची लेक सुनेत्रा ही या घराण्यातली पहिली चुकलेली बाई. आणि चुकली तीही एकदा नव्हे, अकरा वेळा.

ते अकरा वेळा चुकणे फेडायला आता एकच दिवस उरला होता.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला, सुनेत्राबाई ईडन प्रेरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलाला हाक मारली.

“गिरीश, कालची उरलेली टर्की वर आण.”

एकोणपन्नास वर्षांच्या गिरीशचा कॉफीचा मग ओठांपाशी येऊन थांबला. या घरात टर्कीचा मार्ग ठरलेला होता. ती गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये यायची, मागच्या डेकवर धुरावर भाजणाऱ्या स्मोकरमध्ये शिजायची, बाहेरच्या जिन्याने तळघरात उतरायची आणि तिथेच कागदी ताटांत संपायची. स्वयंपाकघराचा उंबरा तिने कधीच ओलांडला नव्हता. हा तह सुनेत्राबाईंनीच घालून दिला होता आणि त्यांचे यजमान विनयराव हयात असेपर्यंत त्यांनीही तो निमूटपणे पाळला होता.

“वर म्हणजे कुठे, आई?”

“इथे. ओट्यावर.”

टेबलाशी मटार सोलत बसलेल्या नीनाने मान वर केली. ती सुनेत्राबाईंची धाकटी. बुधवारी शिकागोहून येताना डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानांतून सामानाच्या चार पिशव्या आणि आईसाठी एक साडी घेऊन आली होती.

“ओट्यावर कशाला?”

“पास्त्यात घालून बेक करायची आहे. जॉइससाठी.”

“कुठल्या ओव्हनमध्ये?”

“घरात किती ओव्हन आहेत, नीना?”

नीनाने हातातली शेंग खाली ठेवली. “थांब हं. मी हायस्कूलमध्ये असताना एक चिकन सँडविच घरी आणलं होतं. जानेवारी महिना. तू मला गॅरेजमध्ये बसून खायला लावलंस. कोट घालून!”

“टोपीसुद्धा होती डोक्यावर,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “मीच दिली होती.”

गिरीश खो खो हसला. सिंकपाशी भांडी धुणारी मालिनी हसली नाही. बावीस वर्षे ती या घरची सून होती आणि नणंद व सासू बोलत असताना नळ जरा जोरात सोडावा, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

“पण आई, बाबा असते तर—”

“तुझ्या बाबांना मी कधी सांगितलं असतं तर त्यांनी हे मला केव्हाच करायला लावलं असतं. बसा सगळे. प्रीताला बोलाव. एकदाच सांगणार आहे.”

प्रीता, गिरीशची मुलगी, कॉलेजातून चार दिवसांसाठी आली होती. ती पांघरूण अंगावर घेऊनच वरून उतरली. सुनेत्राबाई मात्र बसल्या नाहीत. उभ्या राहूनच त्यांनी सांगितले.

सत्तेचाळीस वर्षांपूर्वी, याच दिवसांत, विनयरावांची गाडी बर्फावरून घसरली आणि ते अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये पडून राहिले. सुनेत्राबाईंना या देशात येऊन वर्ष झाले होते. गाडी चालवता येत नव्हती, कडेवर दोन वर्षांचा गिरीश होता, आणि ओळख म्हणावी अशी एकच: शेजारच्या घरातली जॉइस लिंडक्विस्ट. पहिल्याच संध्याकाळी ती दारात आली. हातात काचेचे मोठे भांडे, त्यात मलईदार सॉसमधला पास्ता, सणाची उरलेली टर्की, वर चीजचा खरपूस थर. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. टर्की संपल्यावर चिकन, चिकननंतर ट्यूना. अकरा दिवसांत एक संध्याकाळ चुकली नाही.

“आणि मी ते अकरा वेळा घराच्या मागे नेऊन बर्फात उलटं केलं,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“आजी!” प्रीताचे पांघरूण खांद्यावरून घसरले. “यू थ्रू इट आउट? ऑल ऑफ इट?”

“सगळं. मी तेव्हा अंड्याला हात लावत नव्हते. सांगायला तोंड नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं. व्हेरी टेस्टी, एवढंच म्हणता येत होतं, तेच म्हटलं. म्हणून तर ती आणत राहिली.”

“आणि मी काय खाल्लं?” गिरीशने विचारले.

“दूध-पाव.”

“घरात टर्की आलेली आणि मी दूध-पाव?”

“त्याचा सूड म्हणून दरवर्षी अठरा पौंडांची आणतोसच की.” मग त्यांचा आवाज खाली आला. “टाकलं, ते एक वेळ ठीक. पण भांडंही रिकामं परत केलं. ज्यात मांस शिजलं त्यात माझ्या घरचं अन्न कसं घालू, असं वाटलं. बाहेर बर्फाने घासायचं, उकळतं पाणी ओतायचं आणि तिच्या हातात कोरडं ठणठणीत द्यायचं. अकरा वेळा. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिने माझ्याशी बोलणं टाकलं असतं. पुढे मी जॉइसला चकल्या दिल्या, करंज्या दिल्या, सगळं दिलं. पण कागदी बशीत. तिचं भांडं पुन्हा माझ्या घरी आलंच नाही.”

त्यांनी खिडकीकडे बोट केले. शेजारच्या ड्राइव्हवेमध्ये खोक्यांची रास खिडकीतून दिसत होती. उद्या सकाळी जॉइसचा मुलगा ट्रक घेऊन येणार होता. नवरा हॅरॉल्ड गेल्यापासून जॉइस एकटीच होती आणि आता गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धांसाठीच्या निवासात तिला एक खोली मिळाली होती.

“तिच्या दारातून घेतलेलं तिच्या दारातच दिलं पाहिजे,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “उद्या ते दार तिचं राहणार नाही. चला, उठा.”

कामाला लागल्यावर त्यांनी कोणाला उसंत दिली नाही. प्रीताने फोनवर पाककृती काढली, ती त्यांनी हातानेच बाजूला सारली. हा पदार्थ त्यांनी चाखला नव्हता. पण अकरा वेळा खरवडला होता. काठाला काय चिकटते, तळाला काय बसते, मशरूम किती जाड चिरलेले असतात आणि चीजखाली पावाचा चुरा कुठवर पसरलेला असतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होते.

गिरीशने टर्कीचा ट्रे आणून ओट्यावर ठेवला आणि देवाची मूर्ती जागेवरून हलवल्यासारखा दोन पावले मागे सरला.

“आजी, ग्लव्ह्ज देऊ?” प्रीताने विचारले.

“हातमोजे घालून देणं फेडतात का?”

त्यांनी पदर खोचला, बांगड्या मागे सारल्या आणि मांसाला हात घातला. पहिल्या क्षणी त्यांच्या मानेवर काटा उभा राहिला, तो मालिनीला दिसला, नीनालाही दिसला. नीना उठून आईच्या शेजारी उभी राहिली आणि न बोलता दुसऱ्या बाजूने टर्कीचे तुकडे सोडवू लागली.

“तू तर विरोधात होतीस,” गिरीश म्हणाला.

“मी अजूनही विरोधात आहे. पण तुझ्यासारखी नुसती उभी नाही राहत.”

“मी ती पाच तास स्मोक केली, यार!”

“आणि दरवर्षी ते सगळ्यांना पाच तास सांगतोस.”

व्हाइट सॉसच्या वेळी सुनेत्राबाई खुलल्या. लोण्यावर मैदा भाजायचा, करपू द्यायचा नाही, मग दूध धारेने सोडत हात थांबू द्यायचा नाही. पिठल्यात आयुष्यात गुठळी होऊ न देणाऱ्या बाईला यात अवघड ते काय? सॉस रेशमासारखा उतरला. त्यांनी त्यावर श्रीखंडासाठी ठेवलेले जायफळ किसले, मटार आणि मशरूम घातले, उकडलेला पास्ता आणि टर्की घातली, आणि बरणीतले मीठ चिमटीत घेऊन उंचावरून भुरभुरले. मग थोडे थांबून आणखी एकदा. चव घेण्याचा प्रश्नच नव्हता. त्यात मांस होते. आणि तसेही नैवेद्याच्या घरात वाढलेल्या सुनेत्राबाईंनी स्वयंपाक कधीच चाखून केला नव्हता. शंभर माणसांचे मीठ त्या नजरेच्या अंदाजाने घालत आणि ते कधी कमी-जास्त झाल्याची नोंद नव्हती.

“प्रीता, बघ गं.”

प्रीताने चमचा तोंडात घातला. तिचे डोळे क्षणभर मोठे झाले. “इट्स... व्हेरी रिच, आजी.”

गिरीशने पुढे होऊन चाखले. “वा! एकदम भारी.” आणि तो पाण्याच्या ग्लासाकडे वळला.

नीनाने अर्धा चमचा घेतला, भावाकडे पाहिले, भाचीकडे पाहिले. “जॉइस खूश होईल,” ती म्हणाली.

सुनेत्राबाईंनी समाधानाने काचेचे भांडे पुढे ओढले.

“आई,” नळ बंद करून मालिनी म्हणाली, “एक मिनिट.” ती पुसलेल्या हातांनी ओट्यापाशी आली. नीनाने डोळ्यांनी तिला नको म्हणून खुणावले. मालिनीने ते पाहिले आणि तरीही चमचा घेतला. तिने चाखले, गिळले आणि सासूकडे सरळ पाहिले. “खारट झालंय.”



“माझ्या हातचं मीठ आजवर चुकलेलं नाही, मालिनी.”

“तुमच्या हातचं चुकलेलं नाही. गिरीशने टर्की दोन दिवस मिठाच्या पाण्यात भिजवली होती. ब्राइन करतात तसं. दर वर्षी करतो. गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणून तुम्हाला माहीत नाही. आणि चीजमध्येही मीठ असतं. असं दिलं तर जॉइसआजींना खाता येणार नाही. त्यांना बीपी आहे.”

सुनेत्राबाईंनी गिरीशकडे पाहिले. “तुला कळलं होतं?”

“आई, अगं, थोडंसंच—”

“नीना?”

नीना मटारांच्या सालींकडे पाहू लागली.

“प्रीता?”

“आजी, आय डिडन्ट वॉन्ट टु हर्ट यू.”

सुनेत्राबाई स्टुलावर बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच बसल्या. त्यांच्या घरात तीन माणसांनी तोंडातला घास गिळून त्यांना हवे ते सांगितले होते, आणि अगदी असेच कोणीतरी एकदा शेजारच्या बाईला सांगितले होते. ती लाज त्यांना ठाऊक होती. पण असे खोटे समोरून ऐकायला कसे लागते, हे आज समजले. आणि हे भांडे तसेच गेले असते तर? जॉइसने एक घास घेतला असता, हसून छान म्हटले असते आणि उरलेले उद्याच्या खोक्यांमध्ये कुठेतरी टाकून दिले असते.

“तुला भीती नाही वाटली?” त्यांनी सुनेला विचारले.

“वाटली की,” मालिनी म्हणाली. “पण तुम्हाला हे खरोखर फेडायचं आहे, असं मला वाटलं.”

सुनेत्राबाईंनी तिला नीट पाहून घेतले, जणू ती आत्ताच दारातून आत आली होती.

“बोल. काय करायचं?”

“पास्त्याचं आणखी एक पाकीट आहे. बिनमिठाचा उकडायचा. सॉसही पुन्हा तेवढाच, मीठ न घालता. सगळं एकत्र करायचं. दोन भांडी होतील.”

“दुसरं कोण खाणार?”

“आम्ही,” गिरीश घाईघाईने म्हणाला. “तळघरात.”

“तळघरात कशाला? ओव्हनमधून निघालेलं पुन्हा जिने उतरवू नका,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “टेबलावर खा. नीना, तू कोट काढलास तरी चालेल.”

नीना आधी हसली आणि मग तिला डोळे पुसावे लागले. ती म्हणाली, मशरूममुळे. यावेळी सॉस मालिनीने ढवळला आणि सुनेत्राबाईंनी दूध सोडले. चव मालिनीने घेतली. तिने मान डोलावली तेव्हाच भांडी ओव्हनमध्ये गेली.

तीन वाजता सुनेत्राबाई बर्फाचे बूट घालून निघाल्या. मालिनी भांडे धरून बरोबर होती. जॉइसच्या दिवाणखान्यात टेबल आणि दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या जॉइसने झाकण उचलले, वाफ चेहऱ्यावर घेतली आणि डोळे बारीक केले.

“हे तर माझंच आहे,” ती म्हणाली.

“खा आधी. मग मला काही सांगायचं आहे.”

“आधी सांग. या वयात मी वाट बघत नाही.”

सुनेत्राबाईंनी सांगितले. सत्तेचाळीस वर्षांत त्यांचे इंग्रजी उत्तम झाले होते, पण या एका गोष्टीसाठी ते पुन्हा तुटक झाले. बर्फ, घराची मागची बाजू, धुतलेले भांडे, सगळे सांगितले आणि काही वगळले नाही.

जॉइसने भांड्याकडे पाहिले. “अकराच्या अकरा?”

“अकराच्या अकरा.”

“ती टर्की चांगली होती, सुनेत्रा.”

“असेल.”

“हॅरॉल्डने ते अकरा दिवस पीनट बटर आणि ब्रेड खाल्ला. दोन भांड्यांचं सामान आमच्याकडे नव्हतं. त्याच्या कारखान्यात तेव्हा संप चालला होता. शेजारच्या मुलीला लहान बाळ आहे, ते भांडं तिलाच जाऊ दे, असं तोच म्हणाला.”

हे सुनेत्राबाईंना ठाऊक नव्हते.  मालिनीने खुर्ची त्यांच्या मागे सरकवली आणि त्या बसल्या.

“म्हणजे तुझ्याकडे माझी अकरा जेवणं निघतात,” जॉइस म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की नव्हता, सांगता येत नव्हते; पण ती बोलत होती ते थट्टेने नव्हे. तिने चमचा उचलला, पहिला घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला. “हे एक झालं. जायफळ माझ्यात नसायचं. राहू दे ते. दहा राहिली. दर शुक्रवारी. मी कुठे राहते ते तुला माहीत आहे.”

“भांड्यातच आणेन,” सुनेत्राबाई म्हणाल्या.

“कागदी बशीत आणलंस तर मोजणार नाही.”

दर शुक्रवारी मालिनी ऑफिसातून लवकर निघायची आणि सासूला घेऊन त्या निवासात जायची. डिसेंबरात दोनदा गाडी बर्फात रुतली. एकदा नीना शिकागोहून आली होती, तिने ढकलली आणि आईला गाडीतून उतरू दिले नाही. दुसऱ्या शुक्रवारी चिकनचे झाले, तिसऱ्याला ट्यूनाचे, कारण ट्यूनाही फेकला गेला होता. चौथ्या आठवड्यापासून जॉइसने फर्माइशी सोडल्या आणि तुमच्याकडे काय असेल ते आण म्हणाली; तेव्हा त्याच भांड्यात भरल्या वांग्यांपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत सगळे जाऊन आले. खिचडीवर जॉइसने अर्धा तास प्रश्न विचारले आणि भांडे स्वच्छ केले. चव आता दर वेळी मालिनी घ्यायची, आणि ती घेतल्याशिवाय सुनेत्राबाई झाकण लावत नसत.

अकराव्यासाठी जॉइसने आधीच निरोप पाठवला: पास्ताच हवा, पण टर्कीशिवाय, आणि दोन काटे.

फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी खिडकीशी ठेवलेल्या छोट्या टेबलावर भांडे मधोमध होते. सुनेत्राबाई एका बाजूने, जॉइस दुसऱ्या बाजूने, अशा दोघी एकाच भांड्यातून खात होत्या. मिरजेत हे कोणी मान्य केले नसते. सुनेत्राबाईंनी पहिला घास तोंडात धरला आणि थांबल्या. मऊ, गरम, जरासे गोडसर. वरचा थर दातांखाली कुरकुरला. कडाक्याच्या थंडीत, नवरा हॉस्पिटलात असताना, मूल मांडीवर घेऊन एखाद्या एकट्या बाईने खावे असेच ते अन्न होते. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि कोपऱ्यात चिकटलेला खरपूस थर काट्याने सोडवून तोही खाल्ला. मालिनी दाराशी कोट हातात घेऊन उभी होती. तिने कोट परत खुंटीला अडकवला.

तळाची काच दिसू लागली. शेवटचा घास जॉइसने सुनेत्राबाईंच्या बाजूला सरकवला आणि त्या तो संपवेपर्यंत थांबली. मग तिने काटा खाली ठेवला, नॅपकिनने ओठ टिपले आणि टेबलावरून हात पुढे केला. बाजारात सौदा पुरा झाल्यावर करावा तसा तो हात होता. सुनेत्राबाईंनी तो धरला.

“अकरा,” जॉइस म्हणाली. “हॅरॉल्डची आणि माझी. सगळी फिटली.”